‘चालू’ होण्यास किती वेळ लागतो?

‘दिवा लागला’ असे आपण म्हणतो तेव्हा लागण्याची क्रिया संपून गेलेली असते. आणि ‘दिवा नाही’ असे म्हणतो तेव्हा ती सुरूच झालेली नसते. ह्या दोहोंच्या मधल्या अवस्थेसाठी आपल्या बोलण्यात शब्द नाही, कारण ती कुणाच्या डोळ्यांना दिसतच नाही. बटण खाली, दिवा चालू. बटण वर, दिवा बंद. परंतु विजेच्या व्यवहारात ही मधली अवस्था खरोखरच असते. तिला मोजता येईल एवढा वेळ लागतो आणि उपकरणे जळतात ती पुष्कळदा ह्याच वेळात. ती अवस्था कशी पाहावी, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने ह्या विषयात नाक खुपसण्याचे कारण काय, असे कुणी विचारील. कारण साधे आहे. मी शहापूरला शिकते आणि सुट्टीचे दिवस मुरबाडला मामाच्या दुकानात काढते. मामा इन्व्हर्टर आणि पंपाचे स्टार्टर दुरुस्त करतो. दुकानात पावत्या लिहिण्याचे काम माझ्याकडे असते. पण पावती लिहायची तर काय बिघडले होते हे समजले पाहिजे, आणि समजून घेण्याची सवय लागली की पावती मागे राहते.

मुरबाड-शहापूरच्या रानातून विजेच्या तारा फार पूर्वीपासून गेलेल्या आहेत. १९४२ च्या लढ्यात भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी आमच्याच तालुक्यातील सिद्धगडावर ते व हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्या काळी वीज बंद पाडणे हे देशकार्य होते! आता पावसाळ्यात तारेवर झाड पडले की ती आपोआपच बंद पडते, आणि मग ज्याच्या त्याच्या घरातला इन्व्हर्टर जागा होतो. बॅटरीची वीज एकाच दिशेने वाहणारी, १२ व्होल्टची; दिव्याला हवी ती सेकंदाला १०० वेळा दिशा बदलणारी, २३० व्होल्टची. हा पालट घडवून आणतात ते पॉवर ट्रान्झिस्टर.

ट्रान्झिस्टर म्हटले की आमच्याकडच्या जुन्या माणसांना खांद्याला अडकवायचा रेडिओच आठवतो. खरे तर ट्रान्झिस्टर म्हणजे त्या रेडिओच्या पोटातला एक बारीकसा भाग. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये बार्डीन व ब्रॅटन ह्यांनी तो प्रथम चालवून दाखवला, आणि त्यांना शॉकलेबरोबर १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रेडिओतला ट्रान्झिस्टर आवाज मोठा करतो. इन्व्हर्टरमधला मात्र नुसते दाराचे काम करतो. उघड, मीट, उघड, मीट. तो असतो बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, तीन पायांचा, पाठीला धातूची पट्टी असलेला. त्याच्या एका जातीला मॉस्फेट म्हणतात. तिन्ही पायांची नावे गेट, ड्रेन आणि सोर्स. मोठा प्रवाह ड्रेनकडून सोर्सकडे जातो, आणि तो जाऊ द्यायचा की नाही हे गेट ठरवते.

आमच्या दुकानात नेहमी लागणारा मॉस्फेट म्हणजे आयआरएफझेड ४४ एन. ह्याच्या गेटला सोर्सच्या मानाने २ ते ४ व्होल्ट मिळाले की दार किलकिले होते; १० व्होल्ट मिळाले की सताड उघडते. सताड उघडल्यावर त्याचा रोध जेमतेम ०.०१७५ ओहम उरतो. त्यातून १० अँपिअर वाहू लागले तर त्याच्या अंगात पावणेदोन वॉट उष्णता निर्माण होते. एवढी उष्णता त्याच्या पाठीची अॅल्युमिनियमची पन्हळी सहज वाहून नेते. दार पूर्ण मिटलेले असताना प्रवाहच नाही, तेव्हा उष्णताही नाही. म्हणजे उघडलेला मॉस्फेट सुरक्षित आणि मिटलेलाही सुरक्षित.

धोका आहे तो किलकिल्या दाराचा. त्या वेळी मॉस्फेटवर बॅटरीचा बराचसा दाब असतो आणि त्यातून बराचसा प्रवाहही वाहत असतो. दाब आणि प्रवाह ह्यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. १२ व्होल्ट आणि १० अँपिअर एकाच क्षणी अंगावर आले तर १२० वॉट झाले! शंभर वॉटचा जुना दिवा हाताला कसा लागत असे ते आठवावे, आणि त्याहून अधिक उष्णता बोटाच्या पेराएवढ्या वस्तूत कोंडली आहे अशी कल्पना करावी. दार झटकन उघडले तर हा क्षण येऊन निघूनही जातो. कुरकुरत उघडले तर दर वेळी थोडी थोडी उष्णता साठत जाते. आणि साइन वेव्हच्या इन्व्हर्टरमध्ये ही उघडझाक सेकंदाला सुमारे वीस हजार वेळा होते.

आता हे दार उघडायला वेळ का लागतो? गेट हे एक प्रकारचे विद्युत्-भाराचे भांडे आहे. ते भरल्याशिवाय त्याची पातळी, म्हणजे व्होल्टेज, चढत नाही. पण गंमत अशी की ती एकसारखी चढत नाही. आधी चढते, मग पाच व्होल्टच्या आसपास थबकते, काही वेळ जागची हलत नाही, आणि पुन्हा चढू लागते. आलेख काढला तर मध्येच एक सपाट पायरी दिसते.

ही पायरी समजून घ्यायला मला फार दिवस लागले, आणि समजली ती शेवटी हंड्यांच्या उदाहरणाने. दोन हंडे शेजारी ठेवा आणि पहिल्याच्या कमरेला भोक पाडून तिथून एक नळी दुसऱ्या हंड्याच्या तळाशी जोडा. पहिल्या हंड्यात एका धारेने पाणी ओतत राहा. पाणी भोकापर्यंत चढेल. मग मात्र ओतलेले सगळे पाणी नळीतून दुसऱ्या हंड्यात जाऊ लागेल आणि पहिल्यातली पातळी तिथेच थांबेल. बघणाऱ्याला वाटेल, एवढे ओतून हंडा भरत कसा नाही! दुसरा हंडा पहिल्याच्या बरोबरीला आला की दोहोंतले पाणी पुन्हा चढू लागेल. मॉस्फेटमध्ये हा दुसरा हंडा गेट आणि ड्रेन ह्यांच्या मध्ये दडलेला असतो. ड्रेनवरचा दाब १२ व्होल्टवरून शून्याकडे उतरत असतो तेव्हा तो हंडा भार मागत असतो, म्हणून गेटची पातळी थबकते. अर्थात ही पायरी आणि ड्रेनचे उतरणे ह्या एकाच वेळी घडणाऱ्या गोष्टी आहेत. पायरी जितकी लांब, तितका वेळ दार किलकिले. जॉन मिलर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२० साली निर्वात नळ्यांच्या बाबतीत हा परिणाम मांडला, म्हणून ह्या सपाटीला मिलरचे पठार म्हणतात. तेव्हा मॉस्फेटचा जन्मही झाला नव्हता.

पाणी किती मोठ्या धारेने ओतायचे हे गेटच्या वाटेत बसवलेला एक चिमुकला रेझिस्टर ठरवतो. तो दहा ओहमचा असेल तर धार मोठी. हजार ओहमचा असेल तर धार त्याच्या शंभराव्या हिश्शाची. गणित अवघड नाही. गेट चालवणारा आयसी १२ व्होल्ट देतो, पायरी ५ व्होल्टवर आहे, म्हणजे रेझिस्टरवर ७ व्होल्ट उरले. दहा ओहमातून ०.७ अँपिअर जातील, हजार ओहमातून ०.००७.

येथे मला आमच्या दुकानातील एक काम सांगितले पाहिजे. टोकावड्याच्या बाजूच्या एका पाड्यावर बायकांच्या बचत गटाने गावठी कोंबड्यांची दोनशे पिल्ले आणली होती. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश सेल्सिअसची ऊब लागते. त्यासाठी चार दिवे रात्रभर टोपल्याखाली जळत ठेवतात. ऊब गेली की पिल्ले एकमेकांच्या अंगावर चढतात आणि खालची चेंगरून मरतात. वीज जाणार हे पावसाळ्यात गृहीतच, म्हणून त्यांनी जुना इन्व्हर्टर घेतला होता. पहिल्याच मुसळधार रात्री तो तासाभरात जळाला. कुणाकडून तरी दुरुस्त करून आणला, तो पुन्हा दुसऱ्या रात्री जळाला. तो आमच्याकडे आला तेव्हा दोनशेतली एकशेवीस पिल्ले उरली होती, आणि गटाचे कर्ज मात्र पूर्ण दोनशे पिल्लांचे होते.

मामाने नवे मॉस्फेट घातले. मीटरने तपासले तर सगळे ठीक: बॅटरी ठीक, गेटवर दाब ठीक, एक दिवा लावला तर तोही व्यवस्थित. मीटर खोटे बोलत नाही, पण तो सरासरी सांगतो. सेकंदाला वीस हजार वेळा होणाऱ्या गोष्टीची सरासरी म्हणजे वर्षभराच्या पावसाची सरासरी काढून त्यावरून पूर आला होता की नाही ते ठरवण्यासारखे आहे. तेव्हा कपाटावरचा सीआरओ खाली उतरला.

शुद्ध मराठीत ह्याला दोलनदर्शक म्हणतात. दुकानात सगळे सीआरओच म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन ह्यांनी १८९७ साली ज्या नळीचा शोध लावला, तीच ह्याचा डोळा. आपल्या ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये १९६२ साली सुरू झालेल्या अॅप्लॅब कंपनीनेही हे यंत्र बनवले. आमचा सीआरओ लॅमिंग्टन रोडवरून जुना म्हणून आणलेला आहे: दोन वाहिन्यांचा, २० मेगाहर्ट्झचा.

त्याच्या काचेवर प्रकाशाचा एक ठिपका डावीकडून उजवीकडे धावतो आणि मोजायचा दाब वाढला की वर उचलला जातो, कमी झाला की खाली येतो. काचेवर चौकटी आखलेल्या असतात. आडवी चौकट म्हणजे वेळ, उभी म्हणजे व्होल्ट, आणि एका चौकटीला किती हे बटणाने ठरवायचे. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. एवढ्या वेळात धावणारा ठिपका आपल्याला दिसेल तरी कसा? ह्यावर युक्ती अशी आहे की तो एकदाच धावत नाही. गेटवरचा दाब ठरावीक पातळी ओलांडतो त्याच क्षणी दर वेळी तो धाव सुरू करतो. ह्याला ट्रिगर म्हणतात. सेकंदाला वीस हजार धावा एकाच रेषेवरून गेल्या की चित्र स्थिर दिसते. खो-खोत पळणारा प्रत्येक गडी अगदी त्याच पाऊलखुणांवरून धावला तर मैदानावर जशी एकच वाट उमटेल, तसे हे आहे. ट्रिगर लागला नाही तर काचेवर नुसता प्रकाशाचा गोंधळ माजतो. पुष्कळ माणसे तिथेच कंटाळून सीआरओ बंद करतात.

आम्ही एकच मॉस्फेट टेबलावर मांडला. भार म्हणून मोटारीच्या पुढच्या दिव्याचा १२ व्होल्टचा बल्ब, जो सुमारे ५ अँपिअर घेतो. ठोके इन्व्हर्टरच्याच चालक आयसीकडून घेतले. सीआरओची पहिली वाहिनी गेटवर, दुसरी ड्रेनवर, आणि दोन्हींचे जमिनीचे चिमटे सोर्सवर. प्रवाह मोजायला वेगळे काही लागले नाही. बॅटरीचा दाब बल्ब आणि मॉस्फेट ह्यांच्यात वाटला जातो, म्हणून ड्रेनची रेषा जितकी खाली येईल तितका बल्बमधला प्रवाह वर गेला असे समजायचे. चिमट्यांबद्दल मात्र एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ते आतून एकमेकांशी आणि घरच्या अर्थिंगशी जोडलेले असतात. खालच्या बाजूच्या मॉस्फेटला, तेही बॅटरीच्याच मंडलात, ते लावता येतात. वरच्या मॉस्फेटच्या सोर्सला एक आणि खालच्याच्या सोर्सला दुसरा असे लावले तर आपणच शॉर्ट सर्किट केले म्हणायचे. २३० व्होल्टच्या बाजूला तर असले चिमटे घेऊन जाऊच नये. चिमट्याची तारही आखूड हवी. लांब असली तर ती स्वतःच थरथरते आणि रेषेवर नसलेल्या लाटा दाखवते.

पहिल्यांदा दहा ओहमचा रेझिस्टर लावला. गेटची रेषा भिंतीसारखी सरळ वर गेली, ड्रेनची दगडासारखी खाली आली. वेळेची चौकट शक्य तितकी ताणली तेव्हा गेटच्या रेषेत एक बारीकसा गुडघा दिसला: तीसचाळीस नॅनोसेकंदांचा, म्हणजे मायक्रोसेकंदाच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाचा. ह्याच्या अलीकडे आमच्या यंत्राची धाव नाही. २० मेगाहर्ट्झच्या सीआरओला स्वतःलाच वर चढायला सुमारे साडेसतरा नॅनोसेकंद लागतात, म्हणून त्या गुडघ्यात थोडा वाटा यंत्राचाही होता.

मग बचत गटाच्या इन्व्हर्टरमधून काढलेला रेझिस्टर लावला. काचेवरचे चित्रच बदलले. गेटची रेषा वळण घेत चढली, पाच व्होल्टच्या जवळ आडवी झाली आणि दोन चौकटी तशीच आडवी राहिली. एक चौकट एका मायक्रोसेकंदाची. नेमक्या त्याच दोन चौकटींत ड्रेनची रेषा उतरणीवरच्या बैलगाडीसारखी सावकाश खाली येत होती. पुस्तकातले मिलरचे पठार मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

मामाने रेझिस्टर भिंगाखाली धरला. तपकिरी, काळा, लाल: हजार ओहम. हवा होता तपकिरी, काळा, काळा: दहा ओहम. मॉस्फेट जळतो तेव्हा गेटचा रेझिस्टरही पुष्कळदा करपतो आणि त्याच्या रंगांच्या कड्या ओळखू येत नाहीत. आधी ज्याने दुरुस्ती केली त्याने अंदाजाने घातला असावा. त्याला दोष देण्यात अर्थ नाही; मीटरला दोन्ही इन्व्हर्टर सारखेच दिसले असते.

आता पुन्हा गणित. इन्व्हर्टरमध्ये एका मॉस्फेटवाटे १० अँपिअर जातात असे धरू. दोन मायक्रोसेकंदांच्या उघडण्यात सुमारे १२० मायक्रोज्यूल उष्णता होते. मिटताना वेळ आणखी लागतो, कारण तेव्हा रेझिस्टरवर सातऐवजी पाचच व्होल्ट असतात. तिथे १८० मायक्रोज्यूल धरा. दोन्ही मिळून ३००, आणि सेकंदाला वीस हजार वेळा, म्हणजे सहा वॉट. दार उघडे असतानाची उष्णता ह्याहून वेगळी. योग्य रेझिस्टर असता तर हेच सहा वॉट एका वॉटच्या लहानशा अंशावर आले असते. शिवाय तापलेल्या मॉस्फेटचा रोध वाढतो, रोध वाढला की तो आणखी तापतो. एका दिव्यावर हे दुष्टचक्र सुरू होत नाही. चार दिव्यांवर तासाभरात पूर्ण होते.

ह्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. इन्व्हर्टरमध्ये मॉस्फेट एकावर एक अशा जोडीने असतात. वरचा मिटला की खालचा उघडतो, आणि मध्ये एकदोन मायक्रोसेकंदांची उसंत मुद्दाम ठेवलेली असते. हजार ओहमने मिटण्याला पाचएक मायक्रोसेकंद लागले तर वरचे दार लागायच्या आत खालचे उघडणार, आणि बॅटरीचा प्रवाह दिव्याकडे न जाता दोन्ही दारांतून थेट आरपार जाणार. तो दर वेळी थोडाच काळ जातो, पण वीस हजार वेळा जातो.

सगळे गेट रेझिस्टर बदलले. चार दिवे लावून इन्व्हर्टर चार तास दुकानात चालवला. पन्हळीवर हात ठेवता येत होता. तो ऑगस्टमध्ये पाड्यावर गेला आणि उरलेली पिल्ले दिवाळीच्या आधी मोठी होऊन म्हसे आणि सरळगावच्या बाजूला विकली गेली. पावतीवर मी ‘रेझिस्टर बदलले’ एवढेच लिहिले. त्या कामाचे एवढेच वर्णन होते आणि किंमतही तेवढ्याचीच.

हाच खेळ शहापूरकर रोज फार मोठ्या प्रमाणावर ऐकतात. आसनगावहून लोकल सुटताना तिच्या पोटातून एक चढता सूर येतो. मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावली. तेव्हा तारेत १५०० व्होल्टची एकाच दिशेने वाहणारी वीज होती, आणि पुढे कित्येक दशके लोकल सुरू करताना मोटारीच्या वाटेत मोठाले रोधक घालून वीज त्यांत जाळावी लागे. म्हणजे ते दार मुद्दामच किलकिले ठेवलेले होते. मुंबईतील १५०० व्होल्टची शेवटची लोकल एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावर धावली. आता तारेत २५,००० व्होल्ट आहेत, आणि नव्या लोकलच्या मोटारी आयजीबीटी नावाचे ट्रान्झिस्टर चालवतात. ह्या ट्रान्झिस्टरच्या विकासाचे श्रेय प्रामुख्याने मद्रासच्या आयआयटीत शिकलेल्या बी. जयंत बालिगा ह्यांना दिले जाते. १९८० नंतरच्या दोनतीन वर्षांत त्यांनी ते काम अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत केले, आणि २०२४ साली त्यांना फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला.

आयजीबीटीच्या गेटवर सीआरओ लावला तर तिथेही हेच पठार दिसते. फरक आकाराचा आहे. आमच्या मॉस्फेटची एका उघडझाकीची उष्णता मायक्रोज्यूलमध्ये, तर ह्याची ज्यूलमध्ये. म्हणून त्याला सेकंदाला वीस हजार वेळा उघडझाक परवडत नाही. शेकडो, फार तर एकदोन हजार वेळा. आणि नेमका हाच वेग माणसाच्या कानाला ऐकू येणारा आहे. मोटारीचे लोखंड त्या ठेक्यावर थरथरते तो तो सूर. गाडी वेग घेते तेव्हा सूर एकसारखा न चढता पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो. त्या प्रत्येक पायरीला गाडीचा नियंत्रक उघडझाकीचा ठेका बदलत असतो. आसनगाव ते आटगावच्या मध्ये अशा चारपाच पायऱ्या मला मोजता आल्या आहेत. खिडकीजवळ गर्दी नसेल तर त्याहून अधिकही येतील.